तिरिलचा शांत आठवडा

फॅक्टरीच्या सरकत्या पट्ट्यावरून कॉड मासे येत होते आणि मारितचा फोन रबरी एप्रनच्या आत थरथरत होता. दोन्ही हातांत मोज्यांचे दोन-दोन थर, एका हातात सुरी. तिने मान खाली घालून पुढचा मासा ओढला, कल्ल्याखाली सुरी घातली आणि फोन थांबायची वाट पाहिली. तो थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला.

"घे गं," शेजारची रासा मान न वळवता म्हणाली, "राणीसाहेबांचा हुकूम आलाय."

"शाळेचाच असेल असं नाही."

"नाही, नाही. राजवाड्यातून असेल. कॉफीला बोलावलं असेल तुला, गमबूट घालून ये म्हणून."

रासा लिथुआनियाची. दर हिवाळ्यात कॉडच्या हंगामाला दूर उत्तरेच्या आमच्या बेटावर यायची आणि आमची भाषा आमच्यापेक्षा जोरात बोलायची. पलीकडच्या टेबलावरच्या दोघी हसल्या. मारितही ओठांत हसली, मग सुरी ठेवून मोजे काढत दाराकडे गेली. तिची जागा रिकामी झाली तसे मासे रासाच्या पुढ्यात साचायला लागले. रासाने पट्ट्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मारितच्या पाठीला जाणवलं.

फोनवर गुन्वोर होती, मुलीच्या, तिरिलच्या, पहिलीच्या वर्गाची बाई. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू. "मारित, माफ कर हं. आज परत झालंय. एम्रिकच्या दंडावर दात उमटलेत. तू येऊ शकशील का?"

"रक्त आलंय?"

"नाही. पण तो फार रडला."

दारातच मुकादम आस्ब्यर्न भेटला. हातातली कॉफी त्याने खिडकीवर ठेवली. बाहेर अकरा वाजत आले होते आणि उजेड म्हणजे नुसता निळसर धूर होता. जानेवारीत आमच्याकडे सूर्य उगवतच नाही, याहून जास्त काही मिळत नाही.

"पुन्हा?" तो म्हणाला.

"पुन्हा."

"मारित, मी योस्टाइनला खांदा दिलाय, म्हणून बोलतोय. दुसरा कोणी असता तर बोललोही नसतो, सरळ यादीतून नाव काढलं असतं. ईस्टरनंतर एकच जागा कायम होणार आहे. तिथे तू बसावीस असं मला वाटतं. पण पट्टा रोज अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडाने कायम करू? बाकीच्या बायका गप्प आहेत त्या योस्टाइनच्या नावाने. ते किती दिवस पुरणार?"

"मला माहीत आहे."

"आणि वरचं घर जागेबरोबर जातं, तेही तुला माहीत आहे."

जाळ्यांच्या कोठारावरचं ते दोन खोल्यांचं घर तिच्या नवऱ्याच्या, योस्टाइनच्या, नोकरीबरोबर मिळालं होतं. सप्टेंबरात तो गेल्यावर कंपनीने मारितला त्यात राहू दिलं, हंगाम संपेपर्यंत. जागा मिळाली नाही तर तिला पोरीला घेऊन बहिणीकडे जावं लागणार होतं, बोटीने एक दिवस दक्षिणेला, अशा गावात जिथे तिरिलला कोणी ओळखत नव्हतं आणि योस्टाइनची कबरही नव्हती.

"जाते मी," ती म्हणाली.

"जा. पोर थांबली असेल."

पोर थांबलेलीच होती. शाळेच्या बूट काढायच्या खोलीत, बाकावर, बर्फातला अंगभर सूट चढवून, टोपी कानांपर्यंत ओढून, दोन्ही पाय जुळवून. रडलेली नव्हती. बस येणार आहे हे माहीत असलेलं माणूस जसं बसतं तशी बसली होती. मारित दारात आली तेव्हा तिने आधी मारितचा चेहरा नीट पाहून घेतला, मग बूट, मग परत चेहरा.

"मासे संपले?" तिने विचारलं.

"नाही संपले. तू एम्रिकला का चावलीस?"

तिरिलने खांदे उडवले. एम्रिक तिला आवडायचा. त्याच्या वाढदिवसाला तिने त्याला आपली सगळ्यात मोठी शिंपली दिली होती.

गुन्वोर तिथेच लोकरी मोज्यांत उभी होती. आमच्या शाळेत आत सगळेच मोज्यांत वावरतात, मुख्याध्यापकसुद्धा. गुन्वोर साठीकडे झुकलेली, प्रार्थनाघरात नेमाने जाणारी. रोज पहाटे वर्गातल्या एकेका मुलाचं नाव घेऊन प्रार्थना केल्याशिवाय ती कॉफीला हात लावत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्याबद्दल कोणी थट्टा करत नव्हतं. तिने तिरिलच्या टोपीवर हात ठेवला. "उद्या भेटू, बाळा."

"हो," तिरिल म्हणाली, अगदी शहाण्यासारखी.

वाटेत तिने मारितच्या हातमोज्यातून बोटं वर सरकवली, बाहीच्या आत, मनगटापर्यंत. तिची बोटं गार होती. मारितने हात काढून घेतला नाही. उतारावर पोर उड्या मारत चालली होती आणि मारित मनात पट्ट्यावर साचलेले मासे बघत होती.

दोन-तीन दिवसांनी शाळेने बोलावलं. मुख्याध्यापक स्टाइनार, गुन्वोर, आणि पडद्यावर शहरातली सल्लागार बाई, जिच्या मागे कुंडीतलं हिरवंगार झाड दिसत होतं. टेबलावर वाफल आणि तपकिरी चीज ठेवलं होतं. कोणी हात लावला नाही तशी स्टाइनारने एक वाफल घेऊन कुरतडायला सुरुवात केली.

"आम्हाला काय दिसलं ते गुन्वोर सांगेल," तो म्हणाला.

गुन्वोरने हात मांडीवर ठेवले. "परवा ती चावायच्या आधी उठली, बाहेरच्या खोलीत गेली आणि सूट घालून आली. मग एम्रिकजवळ गेली, त्याची बाही वर केली आणि चावली. मग बाकावर जाऊन बसली."

"आधी सूट घातला?"

"आधी सूट."

पडद्यावरची बाई म्हणाली की ही खरं तर चांगली बातमी आहे. म्हणजे मुलीला राग आवरत नाही असं नाही. तिला आई हवी आहे, आणि आई मिळवायची युक्ती तिला सापडली आहे. शाळेचा नियम होता की काही झालं की त्याच तासाला घरी कळवायचं. आधीच्या वर्षी काही पालक रागावले होते, आम्हाला उशिरा कळतं म्हणून, तेव्हा तो केला होता. नियम चांगल्या मनाने केलेला. पण तिरिलच्या बाबतीत तो उलटा पडत होता. ती चावते, फोन होतो, आई येते.

"म्हणजे मी यायचं नाही," मारित म्हणाली.

"काही दिवस," पडद्यावरची बाई म्हणाली. "चावलं की आई येते, ही दोरी एकदा तुटली की सवय सुटते. मध्येच एकदा जरी आलीस तरी पुन्हा पहिल्यापासून. आम्ही दिवसा फोन करणार नाही. शुक्रवारी गुन्वोर तुला आठवड्याचा निरोप पाठवेल, आणि शक्यतो त्यात चांगलंच सांगेल. तिरिलला काय जमलं ते. घरी तो निरोप तिला वाचून दाखव."

मारितच्या छातीवरचं काहीतरी सैल झालं. तिला त्याची थोडी लाजही वाटली. पोरीचं दुखणं समजलं म्हणून बरं वाटायला हवं होतं, आणि तिला आधी आठवला तो आस्ब्यर्नचा चेहरा.

"चालेल," ती म्हणाली. "मला चालेल."

"तिला अवघड जाईल," गुन्वोर म्हणाली. "मी तिच्याजवळ बसेन."

"एक वाफल तरी घ्या," स्टाइनार म्हणाला. "नाहीतर सगळी मलाच संपवावी लागतील, आणि बायको म्हणते पुरे आता." मारितने घेतली. दोन घास खाल्ले तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला भूक होती.

पहिला आठवडा वाईट गेला. तिरिल रोज सूट घालून बाकावर बसली. एकदा एम्रिकला चावली, एकदा गुन्वोरच्या बोटाला. कोणी आलं नाही. मग ती ओरडली, दुपारपर्यंत ओरडली. गुन्वोर शेजारी बसून राहिली, वर्ग दुसऱ्या बाईने सांभाळला. फिशफॅक्टरीत मारितचा फोन एप्रनच्या आत गार आणि गप्प होता. सुरी चालवताना तो थरथरल्याचा तिला उगाच भास व्हायचा आणि हात थांबायचा.

"काय गं, राजवाडा विसरला तुला?" रासाने विचारलं.

"विसरला."

"बरं झालं. ती गाबोळी नीट काढ, फोडू नकोस. आस्ब्यर्न बघतोय, आणि आज तो हसलाय. मी स्वतः पाहिलं. दात पण आहेत त्याला."

शुक्रवारी निरोप आला. 'तिरिलला हा आठवडा कठीण गेला, पण गुरुवारी तिने संपूर्ण जेवण वर्गासोबत केलं आणि एम्रिकसाठी एक चित्र काढलं.' मारितने तो वाचून दाखवला. तिरिल ब्रेडच्या कडा तोडत होती.

"बघ, गुन्वोर किती छान म्हणते तुझ्याबद्दल."

"हो."

त्या संध्याकाळी मारित तिला अंघोळ घालत होती. बाथटब लहान, गुडघे वर घेऊन बसावं लागायचं. केसांतला फेस डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिरिलने कपाळावर हात धरला होता, आणि हाताखालूनच तिने विचारलं, "मम्मा, तू आज दहा वाजता होतीस का?"

"कुठे?"

"कुठे नाही. होतीस का?"

"कामावर होते. रासाशेजारी."

"पण होतीस ना?"

मारितने पाणी ओतायचं थांबवलं. "म्हणजे काय, तिरिल?"

तिरिलने हात खाली घेतला. पापण्यांवर फेस होता. ती जे बोलली ते तक्रारीसारखं नव्हतं, ती फक्त आईला समजावून सांगत होती. "पप्पा दहा वाजता मेला. आम्ही तेव्हा शाळेत सफरचंदं कापत होतो केकसाठी. मग केक केला. मग गाणं म्हटलं. मग खेळलो. मी पप्पासाठी तुकडा ठेवला. आणि तो तेव्हा नव्हताच. तो दहा वाजल्यापासून नव्हता आणि मला कोणी सांगितलं नाही. तू आलीस तेव्हा कळलं." तिने नाकावरचा फेस पुसला. "म्हणून बघावं लागतं."

"काय बघावं लागतं?"

"तू आहेस की नाही."

मारितने तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि बराच वेळ तशीच मांडीवर धरून ठेवली. सप्टेंबरातला तो दिवस तिला पाठ होता. योस्टाइन धक्क्यावर पेट्या उतरवता उतरवता खाली बसला आणि आडवा झाला, डॉक्टरची बोट येण्याआधीच सगळं संपलं होतं. तिने स्वतः शाळेत फोन केला होता. गुन्वोरला म्हणाली होती, तिला आत्ता काही सांगू नकोस, मीच सांगेन, तिचा दिवस नेहमीसारखा जाऊ दे. आमच्याकडे दुःखातसुद्धा लोक असंच बोलतात. मुलांचा दिवस मोडू नये. जेवणाच्या वेळी जेवण, खेळाच्या वेळी खेळ. सगळ्यांना ते बरोबर वाटलं. गुन्वोरलाही वाटलं. आणि शाळा सुटल्यावर तिरिल कागदी रुमालात केक घेऊन बाहेर आली होती.

"मी आहे," मारित म्हणाली.

"आत्ता आहेस."

शनिवार-रविवार मारितने दहा प्रकारे विचार केला. सोमवारी सकाळी शाळेच्या दारात तिने गुन्वोरला बाजूला घेतलं. मुलं बूट काढत होती, एकमेकांच्या अंगावर मोजे फेकत होती. तिने सगळं सांगितलं, अंघोळीपासून, एकही शब्द न गाळता. गुन्वोर ऐकत राहिली. तिचे ओठ हलत होते, पण ती बोलत नव्हती.

"म्हणजे मी फोन करू?" शेवटी ती म्हणाली. "रोज एकदा. तुझा आवाज ऐकवू तिला. त्या सल्लागार बाईंना मी सांगेन, त्या समजून घेतील."

मारितने खाली बंदराकडे पाहिलं. फॅक्टरीचे पिवळे दिवे अंधारात जळत होते. दोन बोटी धक्क्याला लागल्या होत्या, आणखी तीन बाहेर वाट बघत होत्या. हंगाम भरात आला होता, आणि आता पट्ट्यावर फोन आणणाऱ्याचं नाव आस्ब्यर्न फळ्यावर लिहीत होता. फॅक्टरीत सुट्टीची घंटा व्हायची तेव्हा मुलं बाहेर बर्फात असायची. या दोन वेळा कुठेच जुळत नव्हत्या. जुळवायच्या तर आस्ब्यर्नकडे जाऊन पुन्हा एक सवलत मागायची, योस्टाइनच्या नावाने.

"ती शुक्रवारी चावली का कुणाला?" तिने विचारलं.

"नाही."

"गुरुवारी?"

"नाही."

"मग राहू दे, गुन्वोर. सुटतंय तसं सुटू दे. हंगाम संपू दे. मग मी नीट बघेन तिच्याकडे. रोज दुपारी येईन हवं तर."

गुन्वोरने मान हलवली नाही. "तिने विचारलं, मम्मा कुठे आहे, तर मी काय सांगू?"

"सांग, मम्मा कामावर आहे."

गुन्वोरने पायाशी पडलेला कुणाचा तरी मोजा उचलला. मग म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हळू होता की मारितला वाकावं लागलं, "त्या दिवशी मी तेच सांगितलं होतं. केक ठेवताना तिने विचारलं, पप्पा कुठे आहे. मी म्हटलं, कामावर आहे."

आत कोणीतरी पडलं आणि रडायला लागलं. गुन्वोर वळली. "तेवढं मला पुन्हा बोलता येणार नाही, मारित. मी तिच्याजवळ बसेन. बाकी तू आई आहेस. तू म्हणशील तसं."

मारित म्हणाली तसंच झालं.

सूर्य परत आला. डोंगराच्या खांद्यावर एक लाल रेघ, मग दुसऱ्या दिवशी अर्धी चकती. शाळेत मुलांना सूर्याच्या स्वागताचे गोल बन दिले, वर पिवळी साखर, आणि सगळी मुलं उत्तरेकडच्या टेकडीवर उभी राहून गायली. शुक्रवारी निरोप आला. 'सूर्याच्या दिवशी तिरिल शेवटपर्यंत रांगेत उभी राहिली. ती आता शांत झाली आहे. तिने सूट आपणहून खुंटीवर टांगला.' पुढच्या शुक्रवारी, 'तिरिलचा शांत आठवडा. कुणालाही दुखावलं नाही.' त्याच्या पुढच्याही तसंच. गुन्वोरचे निरोप दर आठवड्याला आखूड होत गेले.

फॅक्टरीत मारित ते रासाला तोंडपाठ म्हणून दाखवायची.

"बघ," रासा म्हणायची, "आणि तू घाबरली होतीस. माझा मोठा सात वर्षांचा होईपर्यंत कुत्र्यासारखा चावायचा. आता दातांचा डॉक्टर व्हायचं म्हणतो."

"तुझा मुलगा तिकडे कुणाकडे असतो?"

"माझ्या आईकडे. रविवारी फोनवर बोलतो. 'बरा आहेस का?' 'बरा आहे.' 'जेवलास का?' 'जेवलो.'" रासाने माशाचं डोकं पेटीत टाकलं. "आताशा तोच आधी फोन ठेवतो." आणि मग एकदम पलीकडच्या बाईला ओरडली, "ए, झोपलीस का? पट्टा काय तुझ्या सासऱ्याचा आहे?"

घरी तिरिल जेवायची, गृहपाठ करायची, अक्षरं गिरवायची. दहा वाजता होतीस का, असं तिने पुन्हा विचारलं नाही. मारित आपणहून सांगायला लागली. "मी आज दिवसभर होते बरं का. रासाशेजारी. दहालाही होते, बारालाही." तिरिल मान वर न करता "हं" म्हणायची. एकदा मारितने तिच्या हातातली पेन्सिल अलगद काढून घेतली आणि म्हटलं, "तुला आता भीती वाटत नाही ना?"

"कसली?"

"मी नसेन अशी."

तिरिलने विचार केला. ती खोटं बोलणारी पोर नव्हती. "बघायला गेलं तरी काही होत नाही," ती म्हणाली. "बघितलं तर कळतं, नाही बघितलं तर नंतर कळतं. पेन्सिल दे."

मारितने पेन्सिल दिली. ताटं धुताना नळाचा आवाज मोठा ठेवला.

मार्चच्या शेवटी मासा कमी झाला. ईस्टरच्या सुट्टीआधीच्या बुधवारी आस्ब्यर्नने तिला वरच्या ऑफिसात बोलावलं, कागदावर सही घेतली आणि हात पुढे केला. त्याचा हात गार आणि जड होता. "झालं," तो म्हणाला. "घर तुझं, जागा तुझी. योस्टाइन असता तर आज मला बिअर पाजायला लावली असती त्याने. जा आता घरी, आज पट्ट्याला तू नसलीस तरी चालेल."

बाहेर ऊन होतं. बर्फावरून इतका उजेड येत होता की डोळे बारीक करावे लागत होते. मारित एप्रन टांगून सरळ चढावर चालायला लागली. तिने हात दोनदा साबणाने धुतले होते, तरी माशाचा वास होताच. दुकानातून तिने दोन बन घेतले. पोरीला घेऊन धक्क्यावर बसू, मग घरी जाऊ, खिडकीचे पडदे बदलू, आता ते घर आपलंच आहे, असं काहीबाही मनात होतं. अकरा वाजत होते.

शाळेमागच्या उतारावर पहिलीचा वर्ग घसरत होता. प्लास्टिकच्या तबकडीवर बसायचं, पाय वर करायचे, आणि खाली कुंपणापर्यंत. वर रांग होती. मारित कुंपणाशी थांबली. तिला तिरिल लगेच दिसली, निळा सूट, रांगेत दुसरी. पुढचा मुलगा घसरला. आता तिचाच नंबर होता.

"तिरिल, तुझी मम्मा आली बघ," कोणीतरी ओरडलं.

तिरिलने खाली पाहिलं. मारितने हात हलवला, बनची पिशवी उंच धरली.

पोर धावली नाही. ती रांगेतून बाजूला झाली, तबकडी मागच्या एम्रिकच्या हातात दिली, आणि उताराच्या कडेने एकेक पाऊल टाकत खाली आली. मारितजवळ न थांबता ती शाळेत गेली आणि दप्तर पाठीला लावून बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा होता, ओठांभोवती तर जास्तच.

"चल," ती म्हणाली.

"अगं, घाई नाही. बन आणलेत."

"चल ना."

गुन्वोर उतारावरून हे बघत होती. मारितने तिला खुणेने सांगितलं, सगळं ठीक आहे. दोघी रस्त्याला लागल्या. मारितने हात पुढे केला, तिरिलने दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरले होते. दुकानाच्या वळणापर्यंत ती पुढे-पुढे चालली. तिथे थांबली.

"कोण?" तिने विचारलं.

"काय कोण?"

"कोण मेलं?"

"कोणी नाही, सोन्या. कोणी मेलं नाही."

"आजी?"

"आजी मजेत आहे. काल बोललो ना आपण तिच्याशी."

"मग रासा?"

"रासा पण आहे. सगळे आहेत. मला सुट्टी मिळाली, आस्ब्यर्नने जागा दिली मला. आपल्याला जावं लागणार नाही कुठे. म्हणून आले तुला न्यायला."

तिरिल तिच्याकडे बघत राहिली. चेहरा, बूट, परत चेहरा. "मी कुणाला चावले नाही."

"माहीत आहे गं. खूप शहाण्यासारखी वागलीस."

"मग तू का आलीस?"

"असंच. तुला भेटावंसं वाटलं म्हणून."

"असंच मध्येच येत नाही कोणी," तिरिल म्हणाली. तिच्या ओठांवर हळूहळू रंग परत येत होता, आणि त्याबरोबर कपाळावर आठीही. "माझा नंबर होता. आता एम्रिकने माझाही घेतला असेल. मला परत सोड."

"आपण धक्क्यावर जाऊ या का? बोटी बघू, बन खाऊ."

"नको. शाळा सुटली की ये. शाळा सुटल्यावर यायचं असतं."

मारितने तिला परत नेलं. दुसरं काय करणार. दारात गुन्वोरने दप्तर उतरवून घेतलं. तिरिल उतारावर चढली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. एम्रिकने तिला काहीतरी सांगितलं, ती त्याला काहीतरी म्हणाली, आणि दोघांनी मिळून पुढच्या मुलाला ढकललं.

गुन्वोर कुंपणाशी आली. तिच्या टोपीवर बर्फाचे कण होते. दोघी एकेका बाजूला उभ्या राहिल्या.

"जागा मिळाली," मारित म्हणाली.

"देवाची कृपा. खरंच बरं झालं."

"गुन्वोर, ती विचारते का माझ्याबद्दल? दिवसा?"

गुन्वोरला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून तिला वेळ लागला. "नाही. फेब्रुवारीपासून नाही."

"खिडकीशी जाते का कधी?"

"नाही."

"ते बरंच की मग. तेच हवं होतं ना आपल्याला."

"मी रोज सकाळी तिचं नाव घेते तेव्हा तेच विचारते," गुन्वोर म्हणाली. "बरं झालं का म्हणून. अजून उत्तर मिळालं नाही."

वर तिरिलचा नंबर आला. ती बसली, पाय वर केले, आणि सरळ कुंपणाकडे घसरत आली, दोघींच्या इतक्या जवळ की उडालेला बर्फ मारितच्या गमबुटांवर पडला. उठली, तबकडी झटकली. मारितने पिशवीतून बन काढून कुंपणावरून पुढे केला.

"आत्ता नाही," तिरिल म्हणाली. "जेवणाच्या वेळी," आणि पाठ फिरवून चढायला लागली.

मारित जेवणाची घंटा होईपर्यंत घरी गेली नाही. ती कुंपणाशीच उभी होती, पाय बधिर होईपर्यंत, हातातला बन दगडासारखा कडक होईपर्यंत. तिरिल पुन्हा पुन्हा वर गेली, पुन्हा पुन्हा खाली आली. आई तिथे आहे की नाही ते तिने एकदाही पाहिलं नाही.